फळ्याची डावी बाजू

आमच्या सरांनी वर्गात एकही आकृती कधी पूर्ण काढली नाही. हात काढला तर एखादी नस गायब, हृदय काढलं तर एखादी झडप गायब. सगळं झालं की हाताची धूळ पँटला पुसायची, वर्गाकडे वळायचं आणि विचारायचं, "काय राहिलं?" ज्याला सापडेल त्याने हात वर करायचा. उत्तर बरोबर आलं की सर हातातला खडू त्याला द्यायचे आणि बाजूला व्हायचे. राहिलेलं त्याने काढायचं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात हा खडू मिळणं ही केवढी गोष्ट होती, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. मला तो मिळाला त्या दिवशी मी अंबडला घरी फोन केला. आई म्हणाली, "खडू? मंग त्यात काय एवढं? तुझ्या पप्पाच्या शाळेत डबेच्या डबे पडलेत."

पोरं त्यांना पाठीमागे 'राहिलं सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फोनवर कुणाला तरी ओळख पटेना, तर म्हणाले, "अहो, राहिलं सर बोलून राह्यलो." ते आम्हाला ॲनाटॉमी शिकवायचे, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे. बारावी होऊन आलेलं, अजून मिसरूड न फुटलेलं पोरगं असलं तरी डॉक्टरसाहेब. मी पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले तेव्हाही माझं नाव तेच राहिलं. कौतुक कधी होतंय आणि टोमणा कधी बसतोय, हे आवाजावरून ओळखावं लागायचं.

खडू कॉलेजचे चालायचे नाहीत त्यांना. स्वतःचे आणायचे, चहापत्तीच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यातून. ते आदल्या दिवशी साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवलेले असायचे. भिजवलेल्या खडूची धूळ उडत नाही आणि रंग असा उठतो की शेवटच्या बाकावरचा झोपाळूही मान वर करतो. शुद्ध रक्ताची वाहिनी लाल, अशुद्ध रक्ताची निळी, संवेदना नेणारी नस पिवळी. साखरेमुळे डब्याला मुंग्या लागायच्या. डबा डाव्या हातात धरून, मुंग्या फुंकत फुंकत सर शिकवायचे.

आणखी एक सवय होती. काही काढायच्या आधी ते फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'उ' लिहायचे आणि उजव्या कोपऱ्यात 'डा'. दरवर्षी नवी बॅच हसायची, की सरांना डावं-उजवं कळत नाही. सर ते हसू संपू द्यायचे. मग विचारायचे, "उजवं कुणाचं, डॉक्टरसाहेब? तुमचं का पेशंटचं?" चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, आणि डॉक्टरने आपली बाजू विसरून त्याची धरायची असते. "हे चुकलं तर चांगला पाय कापून येसाल," म्हणायचे. मग हसणं बंद व्हायचं.

सर मूळचे परतूरकडचे. गावात जयंती जवळ आली की भिंती रंगवायचं काम लहानपणी त्यांच्याकडे असायचं, हात तिथेच तयार झाला. निळ्या रंगावर त्यांचा जीव होता, तो तेव्हापासूनचा. जालन्यात मस्तगडला त्यांचं घर. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. असतं तर त्यालाही डॉक्टरसाहेब म्हणाले असते, असं काकू म्हणायच्या.

मी शिकवायला लागल्यावर कॉलेजात मोठी स्क्रीन आली. फळ्याच्या वर गुंडाळून टांगली गेली. बटण दाबलं की खाली यायची आणि फळा झाकून टाकायची. वरून विचारणा झाली की पोरांना शिकायला काय बरं पडतं, स्लाइड का फळा, ते विचारा. पुढची सगळी सोय त्यावर ठरेल. इतर विभागांनी काय करायचं ते केलं. आमचे सर भर वर्गात बाकावर बसले, खडूचा डबा मांडीवर घेऊन, आणि म्हणाले, "बोला बिनधास्त. मी रागावणार न्हाई. रागावलो तरी मार्क कापणार न्हाई."

मग सुरुवातीला गोड गोड आलं. फळ्यावर रेघ आपल्या डोळ्यांसमोर वाढते, आपला हात तिच्याबरोबर चालतो, लक्षात राहतं. स्लाइड लागली की दिवे बंद होतात आणि निम्मा वर्ग झोपतो. सर ऐकून घेत होते, पण खूश झालेले दिसले नाहीत. "हे तुम्ही माझ्या तोंडावर बोलून राह्यले. विरोधात कोण हाय?" तेव्हा मागच्या बाकावरून कादरी उठली. ही जालन्याचीच मुलगी, हुशार आणि फटकळ. तोंडातून बाहेर पडल्यावर मग विचार करायची.

"सर, मला तर स्लाइडच पाहिजे. तुमचा पिवळा खडू मागून बिलकुल दिसत न्हाई. सगळ्या नसा मी अंदाजानंच काढून राह्यले. आन् तुम्ही फळ्यासमोरच उभे राहता. फोटो काढला तर फोटोत तुम्हीच येता. स्लाइड घरी जाऊन दहादा बघता येते. तुमचा फळा पुसला की गेला."

सरांनी डब्यातून पिवळा खडू काढला, फळ्यावर एक रेघ मारली आणि चालत मागे गेले. कादरीच्या शेजारी बसून डोळे बारीक करून बघितलं. "खरंय. दिसत न्हाई," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून नसा केशरी झाल्या, आकृती मोठी झाली, आणि सर रेघ मारली की एक पाऊल बाजूला सरायला लागले. महिन्याभरात ते स्लाइड करायलाही शिकले. शिकवणारी मीच होते आणि माझा पुरता घाम काढला त्यांनी. तासाला आधी फळा, शेवटी थोड्या स्लाइड, असं ठरलं. सरांच्या स्लाइडमध्येसुद्धा काहीतरी पुसलेलं असायचं, हे सांगायला नको. कादरी आता पहिल्या बाकावर बसायला लागली होती.

तो तास किडनीचा होता. मी शेजारच्या खोलीत हाडांची कपाटं लावत होते. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. सरांच्या तासाला हसू नवीन नव्हतं, पण इतकं लांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या तासाची वेळ झाली होती, म्हणून सांगायला गेले.

फळ्याच्या उजव्या बाजूला एक सुंदर किडनी होती. तिची लाल वाहिनी, मधली मोठी लाल वाहिनी, सगळं जागच्या जागी. त्याच्या डावीकडे काहीच नव्हतं. निळा रंग कुठेच नव्हता. खडूचा डबा जमिनीवर पडला होता, रंग पसरले होते, आणि सर त्या खडूंवरच उभे होते.

नंतर पोरांनी सांगितलं ते असं. सरांनी नेहमीसारखं "काय राहिलं?" विचारलं. कादरीने हात वर केला आणि ओरडली, "सर, आज तर अख्खी किडनीच राहिली!" वर्ग हसला. सर फळ्याकडे बघून म्हणाले, "न्हाई. दोन्ही काढल्यात." वर्ग आणखी हसला. सरांनी खेळ वाढवलाय असंच सगळ्यांना वाटलं. डबा हातातून पडला तेव्हाही हसले. एकजण म्हणाला, "सर, उजवीही काढा की, पेशंट मरंल." सर पुन्हा फळ्याकडे वळले, बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "हाय ना बाबा. दोन्ही हायेत."

मला दारातून आधी कोपरा दिसला. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'उ' नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग सर माझ्याकडे वळले आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू त्यांच्याबरोबर वळली नाही. "बघा डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, जीभ जरा जड झाली होती, "ही पोरं म्हणून राह्यलीत की एक राहिली. तुम्हीच सांगा त्यांना." मी जाऊन त्यांचा डावा हात धरला. तो नुसता लोंबत होता. मी धरलाय हे त्यांना कळलंही नाही.

मी ओरडले असणार, कारण एकदम सगळे उठले. पोरांनी सरांना उचललं आणि धावत हॉस्पिटलच्या इमारतीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा डावा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरून विचारलं, "सर, हा हात कुणाचा?" सरांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "तुमचाच असंल." उजवं कुणाचं, डावं कुणाचं हे शेकडो पोरांना शिकवलेला माणूस. मी बाहेर निघून आले.

मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता. उपचार लगेच सुरू झाले, सर वाचले, पुढे काठी घेऊन चालायलाही लागले. पण डावीकडचं जग त्यांच्या हिशेबातून गेलं. डोळे ठणठणीत होते. मेंदू त्या बाजूची दखल घेत नव्हता, एवढंच. पुस्तकात हे चार ओळींत दिलेलं आहे. हसण्यात गेलेला तो वेळ वाचला असता तर काय वाचलं असतं, हे कुणीच सांगू शकलं नाही. मी विचारलं होतं. कादरीनेही विचारलं होतं. ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी डायग्नोसिस सांगितलं. पूर्ण वर्गासमोर, मोठ्यानं सांगितलं. आन् मंग हसले." मी तिला खूप काही सांगितलं. त्यातलं एकही वाक्य तिच्या कामाचं नव्हतं.

मस्तगडच्या घरी मी जात राहिले. सर जेवायचे ते ताटाची उजवी बाजू. भाकरीचा उजवा अर्धा संपला की हात धुवायला उठायचे. काकू ताट फिरवायच्या. मग सर म्हणायचे, "अरे वा, आणखी वाढलं का?" आणि उरलेलं जेवायचे. दाढी निम्मीच व्हायची, बाकीची काकू करून द्यायच्या. एकदा मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "मी डावीकडून हाक मारली तर वळत न्हाईत. मला आता ह्यांच्या उजवीकडूनच राहावं लागून राह्यलं." बोलून त्या रडल्या. मीही रडले. आत सर टीव्हीचा आवाज वाढवत होते.

सरांना सगळं कळत होतं, हेच सगळ्यात वाईट होतं. "मला माहीतंय, डावीकडं कायतरी हाय," ते म्हणायचे. "पुस्तक माहीतंय, पान माहीतंय. फक्त दिसून न्हाई राह्यलं." त्यांना एकच गोष्ट हवी होती. वर्ग. किडनीचा तास अर्धा राहिला होता आणि तो त्याच पोरांसमोर पूर्ण करायचा होता. मी म्हटलं, सर, स्लाइडवर घ्या, आकृती तयारच असते, दोन्ही किडन्या असतात. ते म्हणाले, "मला ज्यातली अर्धी दिसती ती स्लाइड मी पोरांना कशी शिकवू? काढून तरी बघतो. हाताला आठवंल."

मग सराव सुरू झाला. कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि ती लाल पट्टी सापडेपर्यंत मान वळवत राहायची, असा व्यायाम त्यांना दिला होता. सर तासन्‌तास बसायचे. मान वळायची, थांबायची, परत यायची. कधी पट्टी सापडायची आणि त्या दिवशी दोन किडन्या निघायच्या. काकू तो कागद भिंतीवर लावायच्या. नाही सापडली त्या दिवसांचे कागद कुठे जायचे ते मी विचारलं नाही.

शेवटी आमचे डीन म्हणाले, येऊ द्या सरांना, एक तास घेऊ द्या. नंतर पोरांना विचारू, समजतंय का. समजत असेल तर काहीतरी मार्ग काढू. माणूस चांगला होता, सगळ्यांनाच ते हवं होतं. मी आदल्या संध्याकाळी जाऊन फळ्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत रुंद लाल पट्टी चिकटवली. काकूंनी खडू भिजवून दिले.

वर्ग भरला होता. सर काठी टेकत आले, डबा मी टेबलावर उजवीकडे ठेवला होता. सर फळ्यासमोर उभे राहिले आणि मान वळवली. आणखी वळवली. लाल पट्टी सापडली. तिच्या शेजारी 'उ' निघाला आणि वर्गातून एक सुस्कारा आला. मग 'डा'. मग मधली मोठी लाल वाहिनी. मग सर बोलायला लागले आणि रंगले. जीभ सैल झाली, जुने विनोद आले. "उजवी किडनी जरा खाली असती, डॉक्टरसाहेब. वर लिव्हर बसलेलं हाय दादागिरी करत." पोरं हसली, आणि तिथेच घात झाला. सर पूर्वीचे सर झाले आणि पट्टी विसरले. हात झरझर चालला, रेघा पूर्वीसारख्या गोल आणि ठाम, सगळ्या उजवीकडे. हाताची धूळ पँटला पुसून ते वळले. चेहरा इतका आनंदी होता. "काय राहिलं?"

एकही हात वर गेला नाही. पोरं खाली बघत होती. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, कुणीतरी म्हणा रे, काही नाही राहिलं, सर. म्हणा आणि जाऊ द्या त्यांना घरी. सर वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून एक एक करून सगळं उतरत गेलं.

कादरी उठली. "सर, उजवी किडनी राहिली. निळी वाहिनीबी राहिली."

सर वळले. फळ्याकडे बघत राहिले. मान डावीकडे गेली, थांबली, पुन्हा गेली. पट्टी सापडली नाही. मग त्यांनी हातातला खडू पुढे केला. नियम तोच होता. कादरी वर आली, डब्यातून निळा खडू घेतला, आणि त्यांच्या डावीकडे जाऊन काढायला लागली. ती त्यांना दिसत नव्हती. ते समोर वर्गाकडे बघत उभे राहिले, मान थोडी कलती, फळ्यावर खडू घासल्याचा आवाज ऐकत.

"खाली काढली का?" त्यांनी विचारलं.

"हो सर. जराशी खाली."

"काऊन?"

"वर लिव्हर हाय, सर."

"बस्स," सर म्हणाले, आणि काठी शोधायला लागले. काठी त्यांच्या डावीकडे होती.

बाहेर डीन उभे होते. पोरांना आत्ताच विचारू का नंतर, असं म्हणाले. सरांनी मान हलवली. "त्यांना इचारू नका. मला आजपर्यंत खरं बोलली ती पोरं. आता माझ्यापायी खोटं बोलावं लागंल त्यांना." रिक्षात बसताना ते मला म्हणाले, "पोरगी पिवळ्या खडूपासून सरळ बोलून राह्यली. तिला सांगा, तिनंच बराबर केलं." मी सांगितलं. तिला किती पटलं ते माहीत नाही.

सर परत आले नाहीत. पुढच्या बॅचचा किडनीचा तास यायच्या आधीच, एका सकाळी चहा पिता पिता, गेले. कपात उरलेला चहा होता तसा राहिला. मातीला सगळी बॅच आली होती. कादरी मागे, स्मशानाच्या फाटकाजवळ उभी राहिली आणि आत आली नाही.

किडनीचा तास आता माझ्याकडे आहे. लाल पट्टी मी काढू दिलेली नाही. नव्या पोरांना वाटतं ती समासासाठी आहे. पहिल्यांदा तास घेतला तेव्हा मी दोन्ही किडन्या काढल्या, लाल, निळं, केशरी, सगळं काढलं, आणि स्लाइडवरही दाखवलं. काहीही सोडलं नाही. पहिल्या बाकावरचा एक मुलगा वही मिटता मिटता म्हणाला, "मॅडम, सीनियर म्हणत होते, इथं शेवटी कायतरी इचारतात म्हणून."

"आज नाही," मी म्हटलं, आणि फळा पुसायला घेतला, उजवीकडून डावीकडे, पट्टीपर्यंत.